मागच्या चाकांचा हिशेब

१९७९ साली फोक्सवॅगनने आपल्या ट्रान्सपोर्टर व्हॅनची तिसरी पिढी बाजारात आणली. जर्मनीत तिला टी-३ म्हणतात, ब्रिटनमध्ये टी-२५ आणि अमेरिकेत व्हॅनॅगन. इंजिन मागे, ड्रायव्हरची सीट थेट पुढच्या चाकांवर आणि मधली सगळी जागा मोकळी. ऱ्हेडा-वीडेनब्रुक गावच्या वेस्टफालिया कारखान्याने त्या मोकळ्या जागेत पलंग, शेगडी, सिंक आणि फ्रीज बसवले, वर उचलता येणारे छप्पर दिले आणि ‘जोकर’, ‘कॅलिफोर्निया’ या नावांच्या कॅम्पर तयार झाल्या. जर्मनीत या पिढीचे उत्पादन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आटोपले, दक्षिण आफ्रिकेत मात्र ते २००२पर्यंत चालू होते. आज युरोपातल्या यातल्या सगळ्यात नव्या गाडीनेही तिशी ओलांडली आहे. तरी लोक त्या जपतात, दुरुस्त करतात आणि उन्हाळ्यात मुलाबाळांसह आल्प्सच्या घाटांत घेऊन जातात.

या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि मागच्या चाकांना ड्रम. त्यामुळे घाट उतरून आलेल्या मालकाच्या मनात कधी ना कधी एक प्रश्न येतोच: मागेही डिस्क बसवून घ्यावी का? ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेतले छोटे कारखाने त्यासाठी तयार किट विकतात. डिस्क नवी आणि ड्रम जुना, म्हणजे डिस्क चांगली, असा सरळ तर्क करून किट मागवले जाते. ब्रेकच्या बाबतीत हा तर्क पुरेसा नाही. एका चाकाचा ब्रेक बदलला की चारही चाकांमधली कामाची वाटणी बदलते. ती वाटणी समजून घेतली तर किट घ्यावे की नाही हे आपले आपल्याला ठरवता येते.

उतारावरची उष्णता

ब्रेक दाबला की गाडीच्या गतीतली ऊर्जा उष्णता होते. कॅम्पर सामानसुमान आणि माणसांसह २,३०० किलोची धरू. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी पूर्ण थांबवायची तर सुमारे ७२० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. चारही चाकांवरचे ब्रेकचे लोखंड मिळून २८ किलो असेल, तर एवढ्या उष्णतेने त्याचे तापमान साधारण ५५ अंशांनी वाढते. एकदाच थांबायचे असेल तर ड्रम असो वा डिस्क, दोघांनाही हे सहज झेपते.

घाटाची गोष्ट वेगळी आहे. इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड २,७५७ मीटरवर आहे. तिथून प्रातो गावाकडे उतरताना ४८ वळणे लागतात आणि गाडी सुमारे १,८०० मीटर खाली येते. २,३०० किलोची गाडी एवढी उंची उतरते तेव्हा ४० मेगाज्यूलहून जास्त ऊर्जा मोकळी होते. ताशी ९०वरून पन्नासहून जास्त वेळा गाडी थांबवावी, तेवढी ही ऊर्जा. तिचा काही भाग हवेचा विरोध घेतो आणि मोठा भाग खालच्या गिअरमधले इंजिन घेते. जे उरते ते सगळे ब्रेकला घ्यावे लागते. ड्रायव्हरने वरचा गिअर ठेवला आणि पाय पेडलवरच राहिला, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो आणि लोखंडाला निवायला सवडच मिळत नाही.

आपल्याकडे बोरघाटात किंवा खंबाटकीत डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणे जीवघेणे ठरते, ते याच कारणाने. इंजिनाची मदत तुटली की सगळी उष्णता ब्रेकमध्ये साठते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम स्टेल्व्हिओवरही तेवढाच लागू आहे. हा नियम पाळणारा ड्रम ब्रेकवरही सुखरूप खाली येतो, आणि न पाळणाऱ्याची डिस्कसुद्धा लालबुंद होते.

ड्रमच्या आत काय चालते

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे, पातेल्यासारखे खोल लोखंडी भांडे. टी-३च्या मागच्या ड्रमचा आतला व्यास २५२ मिलिमीटर आहे. त्याच्या आत दोन अर्धगोल शू बसवलेले असतात आणि त्यांच्यावर लायनर असतो. पेडल दाबले की व्हील सिलिंडरमधले दोन पिस्टन दोन्ही शू बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासतो.

ड्रमची खरी ताकद याच्या पुढच्या पायरीत आहे. दोन शूंपैकी एक शू असा बसलेला असतो, की फिरणारा ड्रम त्याला घर्षणाने ओढून स्वतःवर आणखी आवळून घेतो. दाराखाली सारलेली पाचर दार ढकलल्यावर जशी जास्तच घट्ट बसते, तसे इथे होते. दुसऱ्या शूला ड्रम उलट दूर लोटतो, त्यामुळे त्याचे काम कमी पडते. दोन्हींची बेरीज केली तर सिलिंडरने एका शूला जेवढा जोर दिला, त्याच्या साधारण दुप्पट घर्षण ड्रमवर मिळते. गाडी मागे जाऊ लागली की दोन्ही शूंची कामे अदलाबदल होतात, म्हणून चढावर उभी केलेली गाडी मागे घसरू लागली तरी ड्रम तिला तितक्याच जोराने धरतो.

याच ताकदीत ड्रमची कमजोरीही आहे. स्वतःला आवळून घेणारी ही रचना घर्षणाच्या प्रमाणावर फार अवलंबून असते. लायनर तापून किंवा ओला होऊन घर्षण थोडे घटले, तर ब्रेकचा जोर त्या मानाने बराच जास्त घटतो. एका बाजूचा लायनर दमट आणि दुसऱ्या बाजूचा कोरडा असेल, तर गाडी एका अंगाला ओढते. शिवाय ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल नेहमीपेक्षा खाली जाते. भांडे बंद असल्याने आतली उष्णता हळूहळूच बाहेर पडते.

डिस्कचा प्रवास

डिस्कची कल्पना ड्रमइतकीच जुनी आहे. लुई रेनोने ड्रम ब्रेकला आकार दिला १९०२ साली. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. डिस्कवर दाबले जाणारे त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते भयंकर किंचाळत. त्या काळच्या साहित्यात ही कल्पना तग धरू शकली नाही. डिस्कचे दिवस खऱ्या अर्थाने आले ते १९५३च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन या जोडीने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप चालवून ती शर्यत जिंकली. त्यांचा सरासरी वेग ताशी १७० किलोमीटरच्या आसपास होता. लांब सरळ रस्त्याच्या टोकाला दमून जाणाऱ्या ड्रमच्या तुलनेत डिस्क दर फेरीला सारखाच ब्रेक देत होती. १९५५मध्ये सित्रोएन डीएसने पुढच्या चाकांना डिस्क दिली आणि ती सर्वसामान्यांच्या गाडीत आली.

डिस्क उघडी असते, वाऱ्यात फिरते, लवकर निवते. तापली की जाड होते, म्हणजे पॅडकडे सरकते. पाणी उडाले तर ते फेकले जाते आणि पॅड ते पुसून काढतात. घर्षण घटले तर ब्रेकही तेवढ्याच प्रमाणात घटतो, त्याहून जास्त नाही. या अंदाज बांधता येणाऱ्या स्वभावामुळे दोन्ही बाजूंच्या चाकांवर ब्रेक सारखा लागतो. मात्र डिस्कला ड्रमसारखे स्वतःला आवळून घेता येत नाही, त्यामुळे तेवढाच ब्रेक मिळवायला तिला जास्त जोराने दाबावे लागते.

फोक्सवॅगनच्या व्हॅनला पुढची डिस्क १९७०च्या ऑगस्टपासून मिळू लागली. मागचे ड्रम मात्र टी-३च्या शेवटापर्यंत टिकले, आणि टी-४ या पुढच्या पिढीत मागे डिस्क आली ती १९९०च्या दशकात. यामागे केवळ काटकसर होती असे समजू नये. मागे ड्रम असला की हँडब्रेक सोपा आणि दणकट होतो, चिखल आत जात नाही, आणि जोराने ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांवर तसाही भार कमी उरतो. आजही फोक्सवॅगनच्या आयडी-३ आणि आयडी-४ या विजेच्या गाड्यांना मागे ड्रमच आहेत. तिथे मोटरच बरेचसे ब्रेकिंग करते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या डिस्कवर गंज चढतो, बंद ड्रमवर चढत नाही. यावरून ड्रम हे कालबाह्य तंत्र आहे, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

भार पुढे सरकतो तेव्हा

बहुतेक गाड्यांचे इंजिन पुढे असते. टी-३चे मागे आहे, आणि म्हणून उभ्या गाडीचे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मे-निम्मे पडते. म्हणजे आपल्या २,३०० किलोच्या कॅम्परमध्ये मागे सुमारे १,१५० किलो. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते आणि भार पुढे सरकतो. किती सरकेल हे गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत किती अंतर आहे यावर ठरते. टी-३मध्ये हे अंतर सुमारे २.४६ मीटर आहे. गुरुत्वमध्य ०.८ मीटरवर धरला आणि करकचून ब्रेक मारला, म्हणजे गुरुत्वाच्या ०.७ पट वेग कमी होत असेल, तर सव्वापाचशे किलो पुढे सरकतात. मागे उरतात ६२५ किलो. पुढे-मागे वाटणी साधारण ७३ आणि २७ टक्के होते. हलक्या ब्रेकला हीच वाटणी ५७ आणि ४३च्या आसपास असते.

ब्रेकची सगळी रचना या बदलत्या वाटणीभोवती बांधलेली असते. मागच्या चाकांना त्यांच्यावर उरलेल्या भारापेक्षा जास्त ब्रेक मिळाला, तर ती आधी जाम होतात. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी वळत नाही पण सरळ जाते. मागची आधी जाम झाली तर गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते आणि ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते. म्हणून गाड्या बनवणारे नेहमी पुढची चाके आधी जाम होतील अशीच मांडणी करतात.

टी-३मध्ये हे काम एक साधा पण हुशार भाग करतो. मागच्या ब्रेकच्या पाइपवर एक रेग्युलेटर बसवलेला आहे आणि त्यात एक पोलादी गोळी आहे. ती एका ठरावीक उतारावर बसवलेली असते. हलक्या ब्रेकला ती जागची हलत नाही आणि मागच्या ब्रेकला पूर्ण दाब मिळतो. जोरात ब्रेक लागला की गोळी स्वतःच्या जडत्वाने चढावर पुढे धावते, झडप बंद करते आणि मागचा दाब तिथेच रोखते. हा रेग्युलेटर ज्या कोनात बसवला आहे त्यावर सगळे अवलंबून असते. पुढचे स्प्रिंग बदलून गाडीचे नाक वर किंवा खाली केले, तरी गोळी धावण्याची वेळ बदलते. किट बसवताना हा भाग काढून टाका, असा सल्ला कोणी दिला, तर त्यामागचा हिशेब मागून घ्यावा. हिशेब मिळत नसेल तर रेग्युलेटरला हात लावू नये.

ड्रम आणि डिस्क, समोरासमोर

आता दोन्हींचा जोर मोजून पाहू. पेडलचा दाब दोन्हीकडे सारखा धरला, की पिस्टनचे क्षेत्रफळ, घर्षणाचा गुणक आणि त्रिज्या यांचा गुणाकार करून दोन्ही ब्रेकची तुलना करता येते.

आपल्या उदाहरणात ड्रमच्या सिलिंडरचा व्यास २४ मिलिमीटर धरू. क्षेत्रफळ येते ४५२ चौरस मिलिमीटर. घर्षणाचा गुणक स्वतःला आवळण्यामुळे साधारण २. त्रिज्या १२६ मिलिमीटर. गुणाकार येतो सुमारे १,१४,०००.

डिस्कच्या किटमध्ये बऱ्याचदा फोक्सवॅगन गोल्फसारख्या गाडीचे मागचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, असते. त्याचा पिस्टन ३८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळ १,१३४ चौरस मिलिमीटर. डिस्क दोन्ही बाजूंनी दाबली जाते, म्हणून गुणक घर्षणाच्या दुप्पट, म्हणजे ०.७६. डिस्क २८० मिलिमीटरची असेल तर पॅड जिथे दाबतो ती त्रिज्या सुमारे १२० मिलिमीटर. गुणाकार येतो सुमारे १,०३,०००.

म्हणजे चांगली, मोठी डिस्क लावूनही मागचा ब्रेक ड्रमपेक्षा जोरात लागत नाही. तो जवळपास तेवढाच लागतो, किंचित कमीच. याला तोटा म्हणता येणार नाही. मूळ वाटणी जपणारे किट ते असेच असायला हवे. गाडी किती अंतरात थांबेल हे शेवटी टायर आणि रस्ता ठरवतात. चाक जाम होण्याइतका ब्रेक आधीच लागत असेल, तर त्याहून जोरदार ब्रेकचा काही उपयोग नसतो.

आकडे थोडे बदलले की निकाल बदलतो. पैसे वाचवायला गोल्फचीच २३२ मिलिमीटरची छोटी डिस्क वापरली, तर गुणाकार ८४,०००च्या आसपास येतो, म्हणजे मूळ ड्रमपेक्षा सुमारे २६ टक्के कमी. मागची चाके आळशी होतात आणि पुढच्या डिस्कवर घाटात जास्त उष्णता येते. याउलट ४३ मिलिमीटरच्या पिस्टनचे कॅलिपर लावले, तर गुणाकार १,३२,०००वर जातो. आता मागचे चाक मूळपेक्षा १६ टक्के जोरात धरले जाते आणि ओल्या रस्त्यावर आधी जाम होण्याचा धोका वाढतो. ‘मोठे कॅलिपर, चांगला ब्रेक’ हा समज मागच्या चाकांच्या बाबतीत धोकादायक आहे.

दुसरा बदल ब्रेक ऑइलचा. मोठ्या पिस्टनला तेवढ्याच हालचालीसाठी जास्त ऑइल लागते. पेडलने दाबले जाणारे मास्टर सिलिंडर तेच राहिले तर पेडल थोडे खाली जाते. मोठे मास्टर सिलिंडर लावून पेडल वर आणता येते, पण मग त्याच पायाच्या जोरात कमी दाब तयार होतो आणि पेडल जड लागते. ब्रेकमध्ये एक गोष्ट मिळवली की दुसरी द्यावी लागते.

आधी ड्रम उघडा

किटची किंमत विचारण्याआधी मागचे ड्रम उघडून पाहणे, हे सगळ्यात फायद्याचे काम आहे. टी-३मध्ये ड्रम हबवर दोन छोट्या स्क्रूंनी धरलेला असतो, त्यामुळे तो काढायला मोठा नट खोलावा लागत नाही. कित्येकदा ड्रम हलतच नाही, कारण शूने आतल्या भिंतीवर खोलगट पट्टा झिजवलेला असतो आणि कडेला उंच कड तयार झालेली असते. शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारा अॅडजस्टर आधी सैल केला की ड्रम सुटतो.

आत काय दिसते यावरून बरेच कळते. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड बोटाने हलकेच उचलावी. आतून ओल निघाली तर पिस्टनचे सील गेले आहे. लायनरचा पृष्ठभाग काळा, चकचकीत आणि काचेसारखा असेल, तर तो जळून कडक झाला आहे. एका शूवर ऑइलचा डाग आणि दुसरा कोरडा असेल, तर गाडी का ओढत होती याचे उत्तर मिळाले. लायनरची धूळ मात्र कॉम्प्रेसरने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचे आणि ते फुप्फुसांना घातक असते. ब्रेक क्लीनर किंवा पाण्याने ओले करून ती धूळ पुसून घ्यावी.

यानंतर रबरी होज. बाहेरून चांगला दिसणारा तीस वर्षांचा होज आतून सुजलेला असू शकतो. ऑइल जाताना जाते, पण परत यायला वेळ घेते आणि शू ड्रमवर घासत राहतो. असे शू घासत राहिले की ड्रम तापतो, आणि दोष ड्रमच्या माथी मारला जातो. ब्रेक ऑइलही हवेतले पाणी शोषते. डॉट-४ ऑइल नवे असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी मानकाची मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ऑइल उकळले की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल एकदम खाली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा या जुन्या कॅम्परवर होऊ शकणारा सर्वात स्वस्त आणि सर्वात मोलाचा खर्च आहे.

नवे शू, नवे सिलिंडर, नवे होज, नवे ऑइल आणि नीट सेट केलेला अॅडजस्टर एवढे करून बहुतेक मालकांची तक्रार मिटते. गाडीच्या मूळ ब्रेकची खरी कुवत त्यानंतरच कळते, आणि त्यानंतरच डिस्कचा विचार करणे रास्त ठरते.

किट बसवायचेच ठरले तर

डिस्क बसवायला ड्रमची बॅक प्लेट काढावी लागते आणि त्यासाठी हब काढावा लागतो. हबला ४६ मिलिमीटरचा खाचांचा नट असतो आणि त्यात स्प्लिट पिन असते. हा नट ४९० न्यूटन-मीटर टॉर्कने घट्ट केलेला असतो. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ५० किलो वजन टांगावे, तेवढा हा जोर. नट सोडायचा तो चाके जमिनीवर असताना, हँडब्रेक लावून आणि चाकांना ठोकळे लावून. जॅकवर चढवलेल्या गाडीवर एवढा जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. परत बसवताना टॉर्क अंदाजाने देऊ नये. नट सैल राहिला तर हब स्प्लाइनवर हलतो, दात झिजतात आणि चाक निघू शकते. खाच जुळत नसेल तर नट किंचित पुढे फिरवून जुळवावी, मागे कधीही नाही. पिन नेहमी नवी घालावी. हे सगळे उघडलेच आहे तर बेअरिंग साफ करून नव्या ग्रीसने भरून घ्यावे.

किटचे ब्रॅकेट बेअरिंगच्या घरावर बसते आणि त्यावर कॅलिपर. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध धावते आहे ना, हे हाताने फिरवून आणि फीलर गेजने दोन्हीकडे मोजून पाहावे. एका बाजूला डिस्क चिकटून धावत असेल तर त्या बाजूचा पॅड लवकर संपतो. मग चाक लावून पाहावे. मूळ १४ इंची चाकात मोठी डिस्क आणि कॅलिपर बऱ्याचदा मावत नाहीत, आणि १५ किंवा १६ इंची चाकांचा खर्च किटच्या किमतीत कोणी सांगत नाही. चाकाचे नट १८० न्यूटन-मीटरवर घट्ट करावेत आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत.

कॅलिपर डावे-उजवे असतात. हवा काढायचा निपल सगळ्यात वर यायला हवा. दोन्ही बाजूंची कॅलिपर अदलाबदल झाली तर निपल खाली येतो, हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि कितीही ऑइल काढले तरी पेडल स्पंजी राहते. मास्टर सिलिंडरमध्ये मागच्या ड्रमसाठी थोडा दाब राखून ठेवणारी झडप आहे का ते पाहावे. ड्रमच्या शूंना हा दाब चालतो. डिस्कचे पॅड मात्र त्यामुळे सतत घासत राहतात आणि तापतात. सगळे झाल्यावर पहिले काही दिवस करकचून ब्रेक मारणे टाळावे. पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला हलक्या-मध्यम ब्रेकची गरज असते.

हँडब्रेक

डिस्कच्या किटचा सगळ्यात कमजोर दुवा हँडब्रेक असतो. ड्रममध्ये केबल शूला ओढते आणि ड्रम स्वतः शूला आवळतो. डिस्कच्या कॅलिपरमध्ये एक छोटा लिव्हर स्क्रूसारख्या यंत्रणेने पिस्टनला मागून ढकलतो, आणि आवळून घेणारे तिथे काही नसते. त्यात मूळ केबलची लांबी आणि हँडब्रेकच्या दांड्याची ओढ ड्रमच्या मापाने ठरलेली असते. कॅलिपरच्या लिव्हरला वेगळी ओढ लागते. दांडा छताकडे जातो, तरी गाडी चढावर धरत नाही, ही तक्रार याच विसंगतीतून येते. ज्या किटमध्ये डिस्कच्या मधल्या वाटीत हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असतो, ते या बाबतीत जास्त भरवशाचे.

साध्या कारपेक्षा कॅम्परमध्ये हे जास्त महत्त्वाचे आहे. ही गाडी उतारावर उभी करून लोक तिच्यात झोपतात. मुले आत खेळतात, उड्या मारतात, गाडी हलते. डिस्क गरम असताना ओढलेला हँडब्रेक डिस्क निवून आकसल्यावर सैल पडू शकतो. म्हणून गरम ब्रेकवर गाडी उभी केली तर थोड्या वेळाने दांडा पुन्हा ओढावा, गिअर टाकावा आणि चाकाला ठोकळा लावावा.

चाचणी आणि कायदा

ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी चाचणीत या वयाच्या कॅम्परच्या पायाच्या ब्रेकला गाडीच्या वजनाच्या किमान ५० टक्के जोर द्यावा लागतो, आणि दुहेरी सर्किट असलेल्या गाडीच्या हँडब्रेकला १६ टक्के. २,३०० किलोच्या गाडीत हँडब्रेकचा वाटा ३६८ किलो येतो. चाके रोलरवर ठेवून हे मोजले जाते, आणि डाव्या-उजव्या चाकातला फरकही दिसतो. किट बसवण्यापूर्वी आणि नंतर अशा रोलरवर गाडी चढवून दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर बदलाने काय मिळाले याचा वाद उरत नाही. ब्रेकमधला बदल विमा कंपनीला कळवणेही आवश्यक आहे.

जर्मनीत नियम आणखी कडक आहे. धोका निर्माण होऊ शकेल असा बदल केल्यास गाडीची चालवण्याची परवानगी रद्द होते. त्यामुळे ब्रेक बदलल्यावर तज्ज्ञ तपासनीसाकडून मंजुरी घेऊन कागदपत्रांत नोंद करावी लागते. किटबरोबर चाचणीचे प्रमाणपत्र असेल तर हे सोपे जाते. नसेल तर मालकाला एकेका गाडीची वेगळी तपासणी करून घ्यावी लागते, आणि ती खर्चिक असते. प्रमाणपत्र देणारा कारखाना आपण वर केलेला हिशेब करून बसलेला असतो, म्हणून ते प्रमाणपत्र म्हणजे नुसती सरकारी कटकट मानू नये.

कोणाला खरोखर उपयोग

ज्याची कॅम्पर मूळ इंजिनावर आहे, वर्षातून दोन-तीन सहली करते आणि घाटात खालच्या गिअरमध्ये उतरते, त्याने ड्रम पूर्ण नवे करून घ्यावेत. त्याच पैशात चांगले टायर येतात, आणि थांबण्याचे अंतर त्यांनीच कमी होते. ज्याने गाडीत सुबारूचे किंवा आणखी जोरदार इंजिन बसवले आहे, गाडी जड केली आहे, पुढची डिस्कही मोठी केली आहे आणि ज्याची गाडी वरचेवर डोंगरात जाते, त्याला मागच्या डिस्कचा फायदा होतो. उष्णता लवकर निघते, ओल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ब्रेक सारखा लागतो आणि पॅड बदलणे अर्ध्या तासाचे काम होते. अशा गाडीसाठी किट निवडताना चार प्रश्न विचारावेत: पिस्टन केवढा, डिस्क केवढी, हँडब्रेक कोणत्या प्रकारचा, आणि रेग्युलेटरबद्दल कारखान्याचे म्हणणे काय. या चारही प्रश्नांची आकड्यांत उत्तरे देणाऱ्याकडूनच किट घ्यावे, आणि बसवून झाल्यावर रिकाम्या, ओल्या मैदानात हळू वेगात करकचून ब्रेक मारून पुढची चाके आधी जाम होतात याची खात्री करूनच घरच्यांना गाडीत बसवावे.